साईंनी बसायला शिकवलं

मला घोड्यावर बसता येतं. चौथीतून शाळा सोडलेल्या माणसाजवळ मिरवण्यासारखं फार नसतं, पण जे आहे ते मी झाकून ठेवत नाही. बसता येतं म्हणजे कसं, तर घोडी बिचकली, बाजूला उडाली, नाचली, तरी मी वर आणि ती खाली, ही व्यवस्था बदलत नाही. हे ज्यांनी शिकवलं त्यांना सगळा कॅम्प साईं म्हणायचा. सिंधी लोकांत मोठ्या माणसाला साईं म्हणतात. त्यांचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांनीही माझं विचारलं नाही. मी अंबरनाथला एका कारखान्यात भट्टीवर होतो, म्हणून मला ते शेवटपर्यंत ‘कारखाना’ म्हणत.

उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर सिंध्यांसाठी उभारलेला कॅम्प, तिथल्या वस्त्यांना आजही नंबराने कॅम्पच म्हणतात. त्यात कॅम्प चारच्या मागे, नाल्याच्या अंगाला, मिलिटरीच्या वेळची एक अर्धी पडकी बॅरक होती. तिथे साईंच्या दोन घोड्या असत. लग्नाच्या घोड्या. एक धाकटी, तांबूस, तिला छोटी म्हणत. दुसरी पांढरी, अंगाने भरलेली, तिचं नाव बेगम. साईं साऱ्या दुनियेला तू म्हणत. नगरसेवकाला तू, पुजाऱ्याला तू, पोलिसालाही तू. बेगमला मात्र आप. “बेगम, आप जरा पाँव उठाइए,” असं म्हणून खाली वाकत आणि नाल तपासत. मी एकदा विचारलं, घोडीला एवढा मान कशाला? तर म्हणाले, “वो मुझको खिलाती है. तू खिलाता है क्या?”

बॅरकीच्या दाराशी जुन्या बुटांची रांग असे. सगळे कारखान्यांच्या भंगारातून आणलेले. लहान, मोठे, लेसचे, बिनलेसचे, एकाचा जोडीदार दुसऱ्याशी न जुळणारे. चपला घालून कोणी घोडीकडे आला की साईं त्याच्या तोंडाकडे बघतच नसत, पायाकडे बघत आणि बोट त्या रांगेकडे करत. बुटाला टाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. चपलेचा पाय रिकिबीतून आरपार निघतो, मग माणूस पडतो पण पाय वर अडकून राहतो, आणि घोडी पळते. “गिरना ठीक है,” ते म्हणत, “लटकना ठीक नहीं.” सुटाबुटातले लोकही तिथे खाली बसून दुसऱ्याचे बूट चढवताना मी पाहिले आहेत. वास यायचा बुटांना. कोणी नाक मुरडलं की साईं म्हणत, “बेगम को तेरा वास आता है, वो कुछ बोलती है?”

त्यांची खरी तऱ्हा पुढेच आहे. दुसरे घोडीवाले लग्नाच्या दिवशी घोडी सजवून पाठवतात, नवरदेवाला वर टाकतात आणि देवाला हात जोडतात. साईंचं तसं नव्हतं. घोडी पाहिजे तर नवरदेवाने लग्नाआधी तीन सकाळी बॅरकीत यायचं. आला नाही तर घोडी नाही. त्या कॅम्पात असा घोडीवाला दुसरा नव्हता. लोक चिडत, हसत, शिव्या देत, आणि पोराला पाठवत. कारण साईंच्या घोडीवरून नवरा पडला असं कोणी कधी ऐकलं नव्हतं.

दोन खांबांच्या मध्ये दोरांनी टांगलेलं डांबराचं रिकामं पिंप होतं. त्यावर खोगीर बांधलेलं. हळद लागायची बाकी असलेले पोरगे त्या पिंपावर बसत. साईं त्यांच्या तोंडावरून टॉवेल सोडत, कारण सिंध्यांच्या लग्नात सेहरा असतो, नवऱ्याला फुलांपलीकडचं काही दिसत नाही. मग एका हाताने पिंप हलवायचं आणि दुसऱ्या हाताने कानाशी तेलाचा डबा बडवायचा. हा बँड. पोरगा दचकून पुढे वाकला की साईं ओरडत, “किसको पप्पी दे रहा है? सीधा बैठ.” मागे पडला की, “अड़े, खटिया है क्या?” तिसऱ्या सकाळी पोरगा त्या गोंधळात ताठ बसून राहिला की मगच खऱ्या घोडीवर.

एकदा एका कापडवाल्याचा मुलगा आलाच नाही. बापाने निरोप पाठवला, आमचा मुलगा काय सर्कशीत जाणार आहे? तरी साईंनी घोडी द्यायचं कबूल केलं. बापालाही वाटलं, आपण जिंकलो. लग्नाच्या संध्याकाळी साईं स्वतः बेगमला घेऊन गेले. अंगावर झूल, कपाळावर आरसे, सगळा थाट. मुलगा रिकिबीत पाय घालायला गेला तर साईंनी त्याच्या हातात दोर दिला. “तू सीखा नहीं. तू चल. बेगम साथ में चलेंगी.” बँड वाजायला लागलेला, पाहुणे नाचायला लागलेले, भांडायला वेळ कुठे होता? नवरदेव पायी आणि बाजूला रिकाम्या पाठीची घोडी, अशी ती वरात मांडवापर्यंत गेली. पुढे कॅम्पातल्या एका घराने साईंना विचारलं म्हणे, तो नवऱ्याने घोडीबरोबर चालण्याचा रिवाज कुठला, आम्हालाही तसंच करायचं आहे.

आता मी त्यांच्याकडे कसा गेलो ते सांगतो. सांगायला मला लाज नाही.

माझं लग्न बेलवलीच्या मुलीशी झालं. बेलवली आता बदलापुरात बुडाली, बिल्डिंगी झाल्या. तेव्हा भाताची शेतं होती, उकिरडे होते, विहिरीवर बायका होत्या. लग्न तिकडेच, ऐन उन्हाळ्यात. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत माझा परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघाला. घोडी साईंची नव्हती, कुठून तरी आणलेली, हाडकुळी, डोळे फिरवणारी. मी आयुष्यात बैलगाडी सोडून कशावर बसलो नव्हतो. पायात नवी चप्पल. बँडवाल्याने कानाशी तुतारीसारखं काहीतरी फुंकलं, घोडी हलली, मला वाटलं पडतो, म्हणून मी टाचा तिच्या पोटात रोवल्या आणि लगाम ओढून धरला. टाच म्हणजे चल आणि लगाम म्हणजे थांब, हे मला कोण सांगणार? एकाच वेळी चल आणि थांब म्हटल्यावर ती बिचारी वर उभी राहिली. मी देवळाशेजारच्या उकिरड्यात. फेटा एकीकडे, मुंडावळ्या एकीकडे. लागलं काही नाही. ते लागलं असतं तर बरं झालं असतं, लोक हसले तरी नसते.

माझा धाकटा मेहुणा तेव्हापासून सुटला. आम्ही दोघं सासुरवाडीला गेलो की विचारायचा, “भावजी, आज रिक्षान आलाव ना? बरा झाला, रिक्षाला धराला दांडी असते.” ते मी गिळलं असतं. पण विहिरीवरच्या बायका आमच्या हिला ‘पडलेल्याची’ म्हणायला लागल्या. पडलेल्याची आली, पडलेल्याची गेली. ही मला काही बोलली नाही. पण तिने माहेरी जाणं कमी केलं, हे मला दिसत होतं. त्या दिवशी मी मनात धरलं, दिवाळसणाला बेलवलीत जाईन तर घोडीवरून जाईन, नाहीतर जाणार नाही. दिवाळसण म्हणजे जावयाचा पहिला मान. तो मान असाच घ्यायचा.

साईंसमोर उभा राहिलो. म्हणालो, “मला घोडीवर बसायला शिकायचंय.”

“शादी कब है?”

“झाली.”

“तो अब क्या फायदा?”

त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं, बोट रांगेकडे केलं. मी बूट चढवले. पिंपावर बसवलं. एकदाच हलवलं आणि थांबले. “तू गिरा है,” म्हणाले. “और जोर से नहीं गिरा, नरम जगह पे गिरा. इसलिए अभी तक अकड़ है.”

एवढ्यावर मी परत आलो असतो. पण मी हट्टी आणि ते माझ्याहून हट्टी, त्यामुळे जमलं. मला दुसरी पाळी असली की मी सकाळी जायचो. पहिले कित्येक दिवस घोडीवर बसणं सोडाच, हात लावू दिला नाही. नुसतं जवळ जायला शिकवलं. डाव्या खांद्याकडून यायचं, आधी बोलायचं, मग हात मानेवर. मागून कधीच नाही. मागे जायचंच असेल तर एक हात तिच्या पाठीवर ठेवून, अंगाला चिकटून जायचं, नाहीतर एवढं लांबून की लाथ पोचणार नाही. “पीछे से चोर आता है. तू चोर है?” कान बघायला शिकवलं. दोन्ही कान पुढे, म्हणजे तिला काही दिसलं. एक पुढे एक मागे, म्हणजे तुझं ऐकते आहे. दोन्ही मागे चिकटले, म्हणजे तू घरी जा.

तंग आवळण्याची गंमत आहे. खोगिराचा पट्टा पोटाखालून आवळताना बेगम श्वास भरून पोट फुगवायची. आपल्याला वाटतं घट्ट झालं. मग दहा पावलं चाललं की श्वास सोडते, पट्टा सैल, खोगीर फिरतं आणि माणूस तिच्या पोटाखाली. म्हणून साईं दोनदा तंग बघायला लावत, चढण्याआधी आणि चार पावलं चालून. मला बेगमचा राग आला होता. साईं म्हणाले, “तेरेको कोई पेट पे रस्सी बांधे, तू क्या करेगा? वो तो सिर्फ साँस लेती है.”

एक दिवस मी कारखान्यातून तसाच, भट्टीच्या तंद्रीत, घाईघाईने मागून आत शिरलो. बेगमने लाथ मारली. माझ्याऐवजी बादलीला लागली, बादली भिंतीवर जाऊन चेपली. साईं धावत आले आणि माझ्याकडे न बघता तिच्या मानेवर हात ठेवला. “माफ करना बेगम, कारखाने का आदमी है, भोंगा सुनके चलता है.” मग मला म्हणाले, “तू भी बोल.” मी नाही म्हणालो. जनावराला कसली माफी? साईंनी बुटांची रांग आत नेली आणि दार लावून घेतलं. आठवडाभर मी दाराशी जाऊन परत येत होतो. ते आत बेगमशी गप्पा मारत, मला ऐकू जातील अशा. “बेगम, बाहर कोई खड़ा है. नहीं नहीं, आप तकलीफ मत कीजिए.” शेवटी मी आत गेलो, डाव्या खांद्याकडून, आणि म्हणालो, “बेगम, चुकलं माझं.” माणसाची मी आजवर कोणाची माफी मागितली नाही, साहेबाचीही नाही. घोडीची मागितली. त्यात मला कमीपणा वाटत नाही.

लगाम त्यांनी लवकर दिलाच नाही. लांब दोरी धरून ते मध्ये उभे राहत, बेगम गोल फिरे, आणि मी वर हाताची घडी घालून. नवा माणूस लगाम म्हणजे बसमधली दांडी समजतो, धरून लोंबकळतो. घोडीचं तोंड सोलून निघतं. “लगाम पकड़ने की चीज नहीं है. पूछने की चीज है.” आधी हाताशिवाय बसायला ये, मग हात वापर. टाच खाली, नजर कानांच्या मधून लांब, श्वास बाहेर सोड. घाबरलेला माणूस श्वास धरून ठेवतो आणि लाकूड होतो, लाकूड घसरतं. आणि पडायलाही शिकवलं. बदलापूरकडून आलेल्या भाताच्या पेंढ्यावर. आधी दोन्ही पाय रिकिबीतून मोकळे, मग अंग गोळा करून लोळायचं, हात टेकवायचा नाही. पेंढा अंगभर चिकटायचा. मी म्हटलं, घोडीने पाडलं तर एवढा वेळ मिळतो का? तर साईंनी बोट वर केलं. “बेगम किसी को गिराती नहीं. आदमी खुद उतरता है, उनको बताए बिना.”

हेल्मेटवरून आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं. त्यांनी विचारलं, “कारखाने में सर पे क्या पहनता है?”

“पिवळं हेल्मेट.”

“क्यों?”

“वरून लोखंड पडतं.”

“इधर तू गिरेगा. लेके आ.”

मी म्हणालो, घोडीवर बसून पिवळं टोपडं घालणार नाही. लोक हसतील. ते म्हणाले, हसू दे, हसण्याने डोकं फुटत नाही. मी नाही म्हणालो. ते नाही म्हणाले. शेवटी तोडगा मीच काढला, हे मी आजही सांगतो. हेल्मेटच्या हनुवटीचा पट्टा घट्ट लावायचा आणि त्यावरून फेटा बांधायचा. साईंनी माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, हेल्मेटवर टिचकी मारून बघितली आणि म्हणाले, “चलेगा. सर थोड़ा बड़ा दिखता है. तेरे को शोभता है.”

पुढे नव्वदीनंतर लोकांना फुलांनी सजवलेल्या गाड्या आवडायला लागल्या. नाल्याकाठी बिल्डिंग आली, बॅरक गेली. छोटीला साईंनी वांगणीकडच्या एका शेतकऱ्याला दिलं, त्याची परीक्षा घेऊन. बेगम त्याआधीच म्हातारी होऊन गेली होती. साईं मुलाकडे राहायला गेले, तिसऱ्या मजल्यावर. पण पिंप सोडलं नाही. ते गच्चीवर टांगलं. बिल्डिंगवाले भांडले, मग त्यांचीच पोरं त्यावर बसायला लागली. माझी थोरली दहा वर्षांची असताना मी तिला घेऊन गेलो. तिच्या तोंडावर टॉवेल टाकून त्यांनी डबा बडवला. पोरगी हलली नाही. साईंनी टॉवेल काढला आणि तिला म्हणाले, “आप बैठिए, अभी उतरिए मत.” आप म्हणाले. मला आयुष्यभर तूच. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मुलगी माझीच होती.

पण मी दिवाळसणाचं सांगत होतो. पाऊस संपत आला, मी बऱ्यापैकी बसायला लागलो होतो. बेगमवर, लगाम हातात घेऊन, नाल्याकाठच्या मोकळ्या जागेत. तेव्हा मी साईंना पहिल्यांदा खरं कारण सांगितलं. उकिरडा, मेहुणा, विहिरीवरच्या बायका, सगळं. आणि म्हणालो, दिवाळीला बेगम पाहिजे.

ते ऐकत होते तोवर ठीक होतं. दिवाळी म्हटल्यावर उठून उभे राहिले. “दिवाली में बेगम बाहर नहीं जाती.”

मला ठाऊकच नव्हतं. दिवाळीचे सगळे दिवस साईं बॅरकीच्या दारं-खिडक्यांना गोणपाट लावत, दोन्ही घोड्यांच्या कानांत कापूस घालत आणि स्वतः आत बसून राहत. घरी फराळाला जात नसत. फटाक्यांत घोडी रस्त्यावर नेणारा माणूस त्यांच्या मते माणूस नव्हता. मी म्हटलं, मी बसू शकतो. “तू बैठेगा, मालूम है. बेगम क्यों डरे, तेरी इज्जत के लिए?”

मी ओरडलो. म्हणालो, मग माझी इज्जत गेली खड्ड्यात. साईं खरारा करत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, “दशहरा कब है?”

दसरा दिवाळीच्या वीस दिवस आधी. म्हणजे मला तेवढे दिवस कमी. पण दसरा घोड्याचा सण, घोड्याची पूजा असते, सीमोल्लंघन असतं, जावयाने सासऱ्याला आपट्याचं सोनं द्यायला गेलं तर कोण नाही म्हणेल? आणि फटाके नसतात. मी हो म्हणालो. आणखी एकदा पडलो तर ही माहेरी कधीच जाणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. ती आदल्या दिवशीच बेलवलीला गेली होती. मी तिला एवढंच म्हटलं होतं, दुपारी दाराशी थांब.

दसऱ्याला सकाळी बेगमच्या गळ्यात झेंडूची माळ, माझ्या हेल्मेटवर भगवा फेटा, पायात भंगारातले बूट. साईं सायकलवरून पुढे. अंबरनाथपर्यंत त्यांनी माझं आयुष्य नकोसं केलं. दर थोड्या वेळाने सायकल थांबवायची, मागे वळायचं आणि भर रस्त्यात ओरडायचं. “एड़ी नीचे!” “लगाम ढीला!” “मुँह बंद कर, मक्खी जाएगी!” टपरीवरचे लोक माझ्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होते. ट्रक आला की ते सायकल आडवी घालून ट्रकला हळू करायला लावत. ट्रकवाल्यालाही तू.

बेलवलीच्या अलीकडे ओढ्यावर एक मोरी होती. तिथे मी थांबलो. म्हणालो, “साईं, इथून पुढे मी एकटा. तुम्ही बरोबर आलात तर लोक म्हणतील, धरून आणलाय.” मला वाटलं भांडण होईल. ते उतरले, तंग तपासला, दोनदा तपासला, आणि मोरीच्या कठड्यावर बसले.

गावात शिरलो. विहिरीवरच्या बायका उभ्या राहिल्या. मी नजर कानांच्या मधून लांब ठेवली. तेवढ्यात बेगमचे दोन्ही कान पुढे गेले. मारुतीच्या देवळाकडून देवीची मिरवणूक येत होती. नवरात्र बसलेलं, दसऱ्याला देवी विसर्जनाला निघालेली, पुढे गुलाल आणि बँड, मागे गाडीवर देवी. आणि बेगम लग्नाची घोडी. तिला आयुष्यभर एकच शिकवण, बँड वाजला की बँडच्या मागे चालायचं. तिने मला विचारलंच नाही. वळली, मिरवणुकीत शिरली, देवीची गाडी आणि बँड यांच्या मध्ये आपली जागा घेतली आणि मान वाकवून पाय उचलायला लागली.

बँडमास्तर उल्हासनगरचाच. त्याने क्लॅरिनेट तोंडातून काढलं आणि म्हणाला, “अरे, ही तर साईंची बेगम.” म्हणून त्या हरामखोराने देवीचं गाणं सोडून वरातीची धून धरली. मग तर काय, बेगम खरीच नाचायला लागली. पुढचे पाय आळीपाळीने वर, कंबर डावीकडे, उजवीकडे. लोक बाजूला झाले. कोणीतरी ओरडलं, “अरे, हा आपला जावई! उकिरड्यातला!” बाजूलाच तोच उकिरडा होता. हललेला नव्हता.

मेहुणा गुलालाने लाल झालेला धावत आला, लगाम धरायला हात पुढे केला. “भावजी, धरतंय, धरतंय, पडाल!” तेवढ्यात ढोलवाल्याने मोठा ठोका मारला, समोरून मेहुण्याचा हात, बेगम दचकली आणि पुढून वर उचलली गेली. माझे हात आपोआप लगामावर आवळायला निघाले. मी ते पुढे सोडले, तिच्या मानेकडे. टाच खाली. श्वास बाहेर. वरून मला मेहुण्याचं उघडं तोंड दिसत होतं, देवळाचा कळस दिसत होता, आणि सासऱ्यांच्या दाराशी उभी असलेली ही दिसत होती. बेगम खाली आली. मी खोगिरात होतो.

“हात काढ,” मी मेहुण्याला म्हणालो. “तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.”

त्याने हात काढला. बेगम परत तालावर आली. सासऱ्यांच्या दारापर्यंत मी तसाच गेलो, नाचत्या घोडीवर, देवीच्या मिरवणुकीत, बँडच्या मागे. असा दसरा बेलवलीत कोणा जावयाचा झाला असेल तर त्याने येऊन मला सांगावं. दाराशी दोन्ही पाय रिकिबीतून काढले, पाय टाकून खाली उतरलो, दोन्ही पायांवर. सासूबाईंनी बेगमच्या खुरांवर पाणी घातलं, आम्हा दोघांवरून भाकरीचा तुकडा ओवाळला. सासऱ्यांना सोनं दिलं, पाया पडलो. ते माझ्या डोक्याकडे बघत राहिले. “जावईबापू, डोकं सुजलंय काय?” म्हणाले. मी म्हटलं, नाही, पहिल्यापासून असंच आहे.

आमची ही पुढे आली. विहिरीवरच्या बायका तिच्या मागे उभ्या होत्या, तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, “आता हातपाय धुवा. घोड्याचा वास मारतोय अंगाला.” असं रुबाबात बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. मी हातपाय धुतले.

ऊन उतरल्यावर मोरीवर परत आलो. साईं कठड्यावर तसेच बसले होते, दुपारपासून. मला वाटलं विचारतील, काय झालं, पडलास की नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बेगमचं तोंड उघडून ओठांचे कोपरे बघितले, लगामाने ओढलं असतं तर तिथे लाल झालं असतं. खोगीर उचलून पाठ बघितली. चारही पाय हाताने चाचपले. मग बोट तिच्या मानेवर ठेवून नाडी बघितली. खोगीर परत घातलं, तंग आवळला, चार पावलं चालवून परत आवळला.

“हल, पुट,” मला म्हणाले. चल, बेटा.

मग सायकलवर बसले आणि निघाले. मी बेगमवर मागे. रस्ता सकाळचाच, ट्रक सकाळपेक्षा जास्त. मी एकदा मुद्दाम टाच वर घेतली, मुद्दाम थोडा वाकून बसलो. अंबरनाथ गेलं, कॅम्प पाच गेला, नाला आला. साईंची पाठ माझ्यासमोर सरळ चालली होती. घरापर्यंत ते एकदाही मागे वळले नाहीत.